कपाटामागची तार आणि मिरीकरांची सही

श्रीरंग मिरीकरांनी आयुष्यात काय केलं, असं कोणी विचारलं तर खरं उत्तर एका शब्दात देता येतं. सही केली. दिल्लीत केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात चौतीस वर्षं काढली, कारकुनाचे अवर सचिव झाले, पण प्रत्येक पायरीवर काम तेच राहिलं. खालच्याने फाइल आणायची, सहीच्या जागी पेन्सिलीने बारीक फुली मारलेली असायची, आणि फुलीपाशी मिरीकरांनी सही ठोकायची. 'तपासले' हा शब्द वर आधीच टाइप केलेला असे. कोणी तपासलं, हे चौतीस वर्षांत कोणी विचारलं नाही, आणि मिरीकरांनीही उगाच डोक्याला ताप करून घेतला नाही. सही मात्र काय देखणी! 'श्री'ची वेलांटी पार समासात जाऊन यायची. निरोपसमारंभात शिपाईसुद्धा म्हणाला होता, "साहब, साइन तो बस आपका ही था."

उत्तराबाई, म्हणजे त्यांची बायको, दुसऱ्या मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांचा खाक्या वेगळा. नोएडातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये त्यांनी अकरा फाइली थाटल्या होत्या: वीज, गॅस, सोसायटी, मिरीकरांची साखर वगैरे. वाण्याच्या यादीवरसुद्धा तारीख घालायच्या. निवृत्तीनंतर नवऱ्याला सकाळी चहा मिळे, दुपारी जेवण मिळे आणि अधूनमधून पेन्सिलीने फुली मारलेला एखादा कागद मिळे. मिरीकर तिन्ही गोष्टी न बघता स्वीकारत. संसार अगदी सुरळीत चालला होता.

तर या घरात एक टेलिफोन होता. तारेचा, टेबलावरचा. त्याला हसू नका. बावीस वर्षांपूर्वी जिंतूरचा एक मुलगा आयएएसच्या परीक्षेसाठी दिल्लीत आला, राहायला जागा मिळेना म्हणून मराठी मंडळात रडकुंडीला येऊन बसला. उत्तराबाईंनी त्याला दोन दिवसांत खोली शोधून दिली. त्याने घरचा नंबर चिठ्ठीवर लिहून घेतला आणि गावी जाऊन दुसऱ्याला दिला. ती चिठ्ठी मग परतूरला गेली, मुखेडला गेली, उमरग्याच्या एका अभ्यासिकेच्या भिंतीवर खडूने चढली. आज दिल्लीला निघालेलं मराठवाड्यातलं पोर आईने दिलेल्या लाडवांच्या डब्याबरोबर मिरीकरांचा नंबर घेऊनच गाडीत चढतं.

"मोबाइल नंबर द्या ना त्यांना," असं लोक सांगत.

"मोबाइल माझा आहे," उत्तराबाई म्हणत. "तो पडेल, हरवेल, चार्जिंगला असेल. हा नंबर घराचा आहे. भिंतीवरचा खडू मी कुठे कुठे जाऊन पुसू?"

आता मिरीकरांची बाजूही ऐका. ते दुपारी दोन ते चार झोपत. आणि ही पोरं स्टेशनवर उतरून, पोटात काहीतरी ढकलून, हिंमत करून पहिला फोन लावायची ती नेमकी सव्वादोनला. उत्तराबाई त्या वेळी सोसायटीच्या वाचनालयात. म्हणजे उठायचं कोणी? मिरीकरांनी. डोळे मिटलेले, एका पायात चप्पल, आणि कानात, "काका, मी मुखेडहून बोलतोय, इथून मेट्रो कुठली घेऊ?"

मग मिरीकरांना एक युक्ती सुचली. 'सुदूर' नावाच्या कंपनीने इंटरनेट आणि फोन एकत्र करून, एकच मासिक भाडं लावून, दिवाणखान्यातल्या लोखंडी कपाटामागे एक पांढरा डबा बसवून दिला होता. फोनची तार त्या डब्यात खोचलेली. मिरीकर जेवण झालं की कपाटामागे हात घालून ती तार उपसत, आणि चार वाजता परत खोचत. इंटरनेटला धक्का नाही, बायकोला पत्ता नाही. असं त्यांनी जवळजवळ महिनाभर केलं, आणि काय सुखाची झोप लागली म्हणून सांगू!

होळीनंतर एका दुपारी तारेच्या टोकाची प्लॅस्टिकची बारीक चिमटी कट्कन मोडली. तार डब्यात ठरेना, सारखी गळून पडायला लागली. मिरीकरांनी तिला चिकटपट्टी गुंडाळून बघितली, ढकलून बघितली, शेवटी कपाट भिंतीला सरकवलं आणि म्हणाले, उद्या बघू.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तराबाईंनी रिसीव्हर उचलला. "अहो, फोन मेलाय!"

त्याच क्षणी सांगून टाकलं असतं तर काय होणार होतं? फार तर दोन दिवस बिनसाखरेचा चहा बिनबोलता मिळाला असता. पण मिरीकर तोंड उघडेपर्यंत बाईंनी कागद ओढलासुद्धा. अर्ध्या तासात तक्रारीचं पत्र तयार झालं, संदर्भ क्रमांकासकट. त्यात तिसरा मुद्दा असा: 'घरातील वायर मी स्वतः तपासली असून ती सुस्थितीत आहे.' खाली पेन्सिलीने फुली.

"कनेक्शन तुमच्या नावावर आहे," बाई म्हणाल्या. "करा सही."

चौतीस वर्षांची सवय हो! हात आपोआप गेला. वेलांटी समासातून फिरून आली तेव्हा मिरीकरांच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. तोवर कागदाचा फोटो काढून कंपनीला रवाना झाला होता.

मिरीकरांना वाटलं, जाऊ दे, कंपनीचा माणूस येईल, कपाट हलवेल, तार बदलेल, आपण म्हणू उंदराने खाल्ली. तिसऱ्या दिवशी मोबाइलवर संदेश आला, 'अभियंत्याने भेट दिली. दोष दूर झाला. तक्रार बंद.' कोणीही आलं नव्हतं. दारावरची बेलसुद्धा वाजली नव्हती.

"कमाल आहे!" उत्तराबाई म्हणाल्या. त्यांनी दुसरी तक्रार टाकली. तीही तशीच बंद झाली. तिसरी, चौथी... दर महिन्याला बिल मात्र घड्याळासारखं येई, पुरं भाडं, एक रुपया कमी नाही. फोनवरची मुलगी गोड आवाजात सांगे, "मॅम, आपका इंटरनेट चल रहा है, तो लाइन चालू है. रेंटल तो फिक्स होता है."

"बेटा," बाई म्हणाल्या, "घरमालकाने दोन खोल्यांचं भाडं घेतलं आणि एका खोलीला कुलूप लावलं, तर तू पूर्ण भाडं देशील?" हे त्या रागाच्या भरात मराठीतच म्हणाल्या. मुलीने "थँक यू फॉर कॉलिंग" म्हणून फोन ठेवला.

भाडं थांबवावं, तर कंपनी कनेक्शन कापणार आणि नंबर तिसऱ्याच कोणाला देणार. मुखेडचं पोर मग एखाद्या टायरच्या दुकानात फोन लावून खोली मागणार. म्हणून बाई भाडं भरत होत्या, दात ओठ खात, आणि प्रत्येक पावतीमागे 'निषेध नोंदवून' असं लिहून फाइलला लावत होत्या. बारावी फाइल उघडली होती.

मिरीकरांची झोप आता राजरोस चालू होती, पण गोड लागत नव्हती. दोनदा बाई वाचनालयात गेल्यावर त्यांनी कपाट हलवायचा प्रयत्न केला. नवी तार बाजारातून आणून खिशात लपवली होती. पण एव्हाना कपाटात सगळा हिवाळा भरलेला, रजया, स्वेटर, गाद्यांच्या खोळी. एकट्याने ते जागचं हलेना. दुसऱ्या वेळी मिरीकर खांद्यापर्यंत फटीत घुसले आणि अडकले. वाचनालय बंद होतं म्हणून बाई लवकर परतल्या.

"हे काय चाललंय?"

"चष्मा पडलाय मागे."

"चष्मा तुमच्या नाकावर आहे."

"मग मिळाला म्हणायचा," मिरीकर म्हणाले, आणि बाजूला सरकून हळूच बाहेर आले. बाईंनी त्यांच्या साखरेच्या फाइलमध्ये एक नोंद केली.

ऑगस्टमध्ये एक दिवस दारात एक काटकुळा मुलगा उभा राहिला. परतूरचा अंबादास. हातात तीच ती चिठ्ठी, घडीवर घडी पडून मऊ झालेली.

"काकू, नंबर लागत नव्हता," तो खाली बघत म्हणाला. "दोन दिवस लावला. मग एका दलालाने खोली दाखवली, म्हणजे फोटो दाखवला. डिपॉझिट घेतलं. नऊ हजार. खोली निघालीच नाही तिथे. तुमचा पत्ता मंडळातून काढत काढत आलो."

"नऊ हजार!" उत्तराबाई म्हणाल्या. "कोणी दिले होते रे?"

"बहिणीने. पोळ्या करते ती, लोकांकडे."

बाईंनी त्याला पोटभर जेवू घातलं, संध्याकाळपर्यंत खोलीही लावून दिली. मिरीकर तेवढा वेळ वर्तमानपत्र उलटं धरून बसले होते. त्यांना लाज वाटत होती. साधीसुधी नाही, ताटावर बसल्यावर घास खाली न उतरणारी. सांगून टाकावं असं दहा वेळा ओठांवर आलं. पण आता ते नुसतं तारेचं राहिलं नव्हतं. आता त्यात नऊ हजार होते, एका बहिणीच्या पोळ्या होत्या, आणि 'मी स्वतः तपासली' याखाली एक देखणी सही होती.

त्या दिवशी उत्तराबाई जराही चिडल्या नाहीत. मिरीकर घाबरले ते त्यामुळे. बाई बाल्कनीत गेल्या आणि तिथल्या भिंतीकडे बराच वेळ बघत राहिल्या. तिथे सुदूर कंपनीची एक हिरवा दिवा लुकलुकणारी पेटी होती. जिन्यातल्या आठही घरांचं इंटरनेट त्या पेटीतून जाई. पाच वर्षांपूर्वी कंपनीचा माणूस "आंटी, बस एक प्लग दे दीजिए" म्हणून ती लावून गेला होता, आणि पेटी पाच वर्षं मिरीकरांची वीज पीत होती.

"अच्छा," बाई म्हणाल्या. "म्हणजे आपणही भाड्याने देतोय की काहीतरी."

दुसऱ्या दिवशी कंपनीला बिल गेलं. बाईंनी कंपनीचंच बिल समोर ठेवून भाषा उचलली होती. भिंत व प्लग यांचे निश्चित मासिक भाडे. वापर असो वा नसो, भाडे पूर्ण. उशीर झाल्यास दंड. तक्रार केल्यास ती तीन दिवसांत आपोआप बंद समजली जाईल. मिरीकरांनी या बिलावर सही करताना पहिल्यांदाच मजकूर वाचला, आणि हसू आवरायला त्यांना खोकावं लागलं.

कंपनीने उत्तर दिलं नाही. बाईंनी स्मरणपत्र एक पाठवलं, स्मरणपत्र दोन पाठवलं. मग जिन्यात नोटीस लागली: 'थकबाकीमुळे सुदूरची सेवा उद्या सकाळी अकरापासून तात्पुरती खंडित राहील. गैरसोयीबद्दल कंपनीने दिलगीर असावे.' खालच्या मजल्यावरची चेतना, जी घरूनच ऑफिसचं काम करायची, वर धावत आली. बाईंनी तिला बारावी फाइल वाचायला दिली. फाइल वाचून चेतना म्हणाली, "काकू, माझं तर भाडं दोन वर्षं पूर्ण जातंय आणि स्पीड निम्मा येतो. ओढा प्लग. फोन मी करते, बाकीच्यांनाही करायला लावते."

अकरा वाजता उत्तराबाईंनी प्लग ओढला. मिरीकर बघतच राहिले. हिरवा दिवा गेला. साडेअकरापर्यंत आठ घरांतून कंपनीला किती फोन गेले असतील देव जाणे, पण सहा महिन्यांत ज्या दारावर कोणी आलं नव्हतं त्या दाराची बेल बाराला दहा कमी असताना वाजली.

एरिया मॅनेजर होता, जयदीप नावाचा. घामाघूम, गळ्यात ओळखपत्र. "आंटीजी, पहले प्लग लगा दीजिए, हाथ जोड़ता हूँ. आपका छह महीने का पूरा रेंटल वापस. अभी के अभी."

"लिखित में," उत्तराबाई म्हणाल्या.

"लिखित में!" त्याने मोबाइलवर खटाखट काहीतरी केलं, पैसे जमा झाल्याचा संदेश बाईंच्या फोनवर आला. बाईंच्या चेहऱ्यावर अशी काही कळा आली की मिरीकरांना त्यांचं लग्न आठवलं. जिंकल्या होत्या हो बाई! "बसा," त्या म्हणाल्या, "चहा टाकते," आणि आत गेल्या.

जयदीपने बॅगेतून एक छापील कागद काढला. "अंकल, बस एक साइन. लाइनमैन दो-चार दिन में आ जाएगा, फ़ोन भी देख लेगा. ये क्लोज़र फॉर्म है." आणि त्याने, बघा कसा योग, खिशातून पेन्सिल काढून सहीच्या जागी एक बारीक फुली मारली.

मिरीकरांनी पेन घेतलं. कागदावर लिहिलं होतं: 'अभियंत्याने प्रत्यक्ष येऊन लाइन तपासली. दोष दूर झाला. ग्राहक समाधानी.' करून टाकायची सही. पैसे मिळाले, बायको खूश, मॅनेजर खूश. लाइनमन यायचा तेव्हा येईल, न आला तर नाही, आणि कपाटामागे काय आहे ते हिवाळा येऊन कपाट रिकामं होईपर्यंत कोणाला कळणार नाही. पेनाचं टोक कागदाला टेकलं होतं. पण त्यांना फुलीच्या जागी ती चिठ्ठी दिसायला लागली, घड्या पडून मऊ झालेली, आणि अंबादासचं खाली घातलेलं डोकं.

"नहीं," मिरीकर म्हणाले.

"जी?"

"देखे बिना साइन नहीं करूँगा." आवाज इतका मोठा निघाला की त्यांचे तेच दचकले. "उठिए. कपाट को हाथ लगाइए."

चहाचा ट्रे घेऊन उत्तराबाई बाहेर आल्या तेव्हा एरिया मॅनेजर आणि अवर सचिव मिळून लोखंडी कपाट ओढत होते. कपाट करकरत हातभर पुढे आलं. मागे पांढरा डबा होता, सुखरूप, आणि खाली जमिनीवर फोनची तार पडली होती, टोकाला चिकटपट्टीचं गाठोडं. ती चिकटपट्टी उत्तराबाईंच्या फाइलींच्या खणातली होती. त्यांनी ती ओळखली.

"मीच काढायचो," मिरीकर म्हणाले. "दुपारी. झोपेसाठी. मग मोडली." आणि शर्टाच्या खिशातून त्यांनी नवी तार काढून पुढे केली. एप्रिलपासून ती खिशातून खिशात फिरत होती.

जयदीपला उकळ्या फुटल्या. "लो जी! फॉल्ट तो आपका निकला! रेंटल वापस कैसा फिर?"

उत्तराबाईंनी ट्रे खाली ठेवला. नवऱ्याकडे त्यांनी जे बघितलं ते मी सांगत बसत नाही. म्हणाल्या एवढंच, "पहिल्या पत्रातला मुद्दा तीन काय होता?"

"'मी स्वतः तपासली.'"

"हं." मग त्या हळू म्हणाल्या, "सात पत्रं लिहिली मी. सात! एकदा कपाट हलवून बघितलं नाही."

मग त्या जयदीपकडे वळल्या, आणि त्याच्या उकळ्या जागच्या जागी बसल्या. "और आपके सात इंजीनियर? सात बार 'भेट दी, दोष दूर हुआ'? एक भी आता, तो दो मिनट में ये तार दिख जाती. किराया तार का लेते हो क्या? तार तो बाज़ार में चालीस रुपये में मिलती है. किराया तो इसका है कि बुलाने पर कोई आकर देखे." त्यांनी तिथल्या तिथे हिशेब केला. पहिल्या पत्रातल्या खोट्या मुद्द्याबद्दल एक महिना मिरीकरांचा, तो कंपनीने परत कापून घ्यावा. उरलेले पाच कंपनीचे. जयदीपने बाल्कनीतल्या विझलेल्या दिव्याकडे बघितलं आणि मान डोलावली. बाईंनी पेटीचा प्लग लावला, नवी तार त्याने स्वतः खोचली. फोनमधून तो जुना घुर्रर्र आवाज आला तेव्हा मिरीकरांना हायसं वाटलं, आणि त्यांनी फॉर्मवर सही केली, वेलांटीबिलांटी न काढता.

निकालाचा उरलेला भाग उत्तराबाईंनी जेवताना वाचून दाखवला. दुपारच्या झोपेसाठी मिरीकर पाठ मागे जाणारी जी मऊ खुर्ची घेणार होते, तिचे पैसे परतूरला, अंबादासच्या बहिणीला जातील. दोन ते चार फोन श्री. मिरीकर उचलतील. बाई वाचनालयात जाणार नाहीत, त्या झोपतील. खाली फुली होती. मिरीकरांनी आधी दोनदा वाचलं आणि मग सही केली.

चौथ्या दिवशी, बरोबर सव्वादोनला, फोन वाजला.

"काका, मी वैभवी, मुखेडहून आलेय. एक खोली मिळतेय. फोटोत छान दिसतेय, मोठी खिडकी आहे. ॲडव्हान्स देऊन टाकू का? ते म्हणतात आज नाही दिला तर जाईल."

"फोटोत?" मिरीकरांनी दुसऱ्या पायात चप्पल सरकवली. "पत्ता सांग. आणि बाळा, एक रुपया देऊ नकोस. मी येतोय बघायला."

उत्तराबाईंनी सोफ्यावरून एक डोळा उघडला. "एवढ्या उन्हात कुठे निघालात?"

"तपासायला," मिरीकर म्हणाले आणि मेट्रोचं कार्ड शोधायला लागले.

साडेचारला घरचा फोन वाजला. पलीकडून मिरीकरांचा धापा टाकणारा, पण भलताच खूश आवाज. "उत्तरा, पैसे वाचले पोरीचे! मी खिडकी उघडायला गेलो. उघडेचना. अगं, चित्र आहे! भिंतीवर चिकटवलंय!"